हाताचे माप

विहीर किती खोल, असे परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्यास विचारावे, तर तो फूट-मीटरांच्या भानगडीत न पडता ‘आठ परस’ असे सांगून मोकळा होतो. आणि परस म्हणजे, सरळ उभ्या राहिलेल्या पुरुषाने हात डोक्यावर ताणला असता तळपायापासून बोटांच्या अग्रापर्यंत जेवढी उंची भरते, तेवढी. दोन्ही बाहू पसरले की वाव, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, पंजा ताणला की वीत, मिटला की मूठ. निजामाच्या अमलातील पैमाईश होऊन गेली, १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धतीचा हुकूम निघाला, तरी दोर, कडबा आणि विहीर यांचा हिशेब ज्या मापाने व्हावयाचा, ते माप माणूस अंगावरच बाळगून हिंडत होता. पण खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना, म्हणजे ज्याचा परसच भरेना, तो जेव्हा उपचारासाठी खाटेवर आडवा होतो, तेव्हा त्या मापाचेच माप घेण्याची पाळी येते.

हे माप घेण्याच्या उपकरणास गोनिओमीटर म्हणतात. ग्रीक भाषेत ‘गोनिया’ म्हणजे कोन. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक हा त्याचा धाकटा भाऊ म्हणावा. अंशांच्या वर्तुळाला मध्यभागी खिळ्याने जोडलेल्या दोन लांबट पट्ट्या, एक स्थिर व दुसरी चल, एवढाच काय तो जास्तीचा सरंजाम. याचा जन्म मात्र रुग्णालयात झालेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये कारांजो नावाच्या गृहस्थाने स्फटिकांच्या पृष्ठांमधील कोन मोजण्यासाठी ते घडविले. आणि स्फटिक हलत नाही, कण्हत नाही, मोजणाऱ्यास खूष करण्यासाठी अंग चोरून कोन वाढवून दाखवीत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे कारांजोचे काम किती सुखाचे असेल याची कल्पना येते. पहिल्या महायुद्धात जायबंदी सैनिकांच्या जखडलेल्या सांध्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा हे शास्त्र माणसाच्या अंगाशी आले. आणि १९६५ साली अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने एक पुस्तिका काढून शून्य कोठे धरावे याचा दंडक घालून दिला. आपल्याकडे मुंबईस हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ साली निघाली होती.

कृती वरवर पाहता पोरखेळासारखी दिसते. खांदा किती वर जातो हे पाहावयाचे, तर रोग्यास उताणे निजवावे, खांद्याच्या टोकाशी जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या किंचित खाली उपकरणाचा खिळा आणावा, स्थिर पट्टी बरगड्यांच्या कडेने धडाशी समांतर धरावी, चल पट्टी दंडाच्या हाडावरून कोपराच्या बाहेरील उंचवट्याकडे रोखावी, आणि ‘दादा, हात वर घ्या’ असे सांगून जेथे हात थांबेल तेथला आकडा वाचावा. निरोगी खांद्याचे १८० अंश भरतात. परंतु त्यांपैकी सुमारे १२० अंशच खऱ्या सांध्याचे असून उरलेले ६० पाठीवरचा फरा सरकल्याने मिळतात, ही मेख ज्यास ठाऊक नाही त्याची गत अनोळखी बाजारात गेलेल्या गिऱ्हाइकासारखी होते. कारण आखडलेल्या खांद्याचा माणूस मोठा हिकमती असतो: तो फरा उचलतो, कंबर वाकवतो, पाठीची कमान करतो, आणि सांधा जागचा हललेला नसतानाही हात वर गेल्याचा देखावा उभा करतो. यात लबाडी यत्किंचितही नसते. शरीराने आपली अडचण भागविण्यासाठी शोधलेली ती पळवाट असते. म्हणून मोजणाऱ्याचा एक हात उपकरणावर असावा तसे दुसऱ्या हाताचे, किंवा निदान डोळ्यांचे, लक्ष धडावर असावे लागते.

कोपराची कथा निराळी. झाडावरून किंवा बैलगाडीवरून पोर पडते, कोपर सुजतो, आणि घरची माणसे हाडवैद्याकडून तो तेल लावून चोळून घेतात. दुखावलेल्या कोपरास चोळणे हे अपायकारक आहे. त्याने स्नायूतच हाड धरण्याचा संभव असतो. असा कोपर पुढे ३० अंशांच्या अलीकडे सरळ होत नाही आणि ९० च्या पलीकडे मिटत नाही. तेव्हा दप्तरात ‘३० ते ९०’ अशी नोंद होते. निरोगी कोपर ० ते १५०. मोजणारा मग स्वतः हलकेच दाबून पाहतो, आणि सांधा शेवटी कसा थांबतो हे त्याच्या बोटांना कळते: दगडावर दगड आपटावा तसा, की ओल्या चामड्यासारखा ताणून. पहिल्यात हाड आड आलेले असते, दुसऱ्यात व्यायामाला वाव असतो. हा भेद आकड्यात उतरत नाही, आणि माझ्या मते सबंध परीक्षेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

आकडा सरकारी कागदावर चढला की त्याचे वजन बदलते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारने २००१ साली जी मार्गदर्शिका काढली, तिने खांदा, कोपर आणि मनगट या तिघांस समान हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ०.३०, दिला. १८० अंश वर जाणारा हात ९० वरच अडला, तर हालचाल निम्मी गेली. ५० गुणिले ०.३०, म्हणजे १५ टक्के. आता दोन जाणत्या माणसांनी एकच सांधा मोजला तरी पाचेक अंशांचे अंतर पडू शकते, हे या विद्येत सर्वमान्य आहे; आणि सवलती बहुधा ४० टक्क्यांच्या उंबरठ्यावर अडकलेल्या असतात. गंगाखेड-सोनपेठकडून ऊसतोडीस जाणारा मजूर, ज्याचे पोट कोयत्यावर, त्याला हा गुणाकार समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावर, हे त्या मार्गदर्शिकेत नव्हते.

१९८१ साली अमेरिकेत मॉरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या कामांस कोपराचे किती अंश लागतात हे मोजून ३० ते १३० असे उत्तर काढले. काट्याने घास घेणे, टेलिफोन कानास लावणे, दार उघडणे अशी ती कामे होती. भाकरी थापणे, रहाटाने पाणी शेंदणे, मानवतच्या बाजारात जाणारा कापूस बोंडातून चिमटीने वेचून ओटीत टाकणे, यांचे अंश तेथे कोण मोजणार?

एक हालचाल मात्र अशी आहे, की तेथे कोनाचे माप घेणारेही पुष्कळदा उपकरण बाजूस ठेवतात. हात पाठीमागे नेऊन अंगठा कण्यावरून वर सरकवावयाचा: चोळीचा बंद बांधताना, पाठ चोळताना होते ती ही हालचाल, आणि आखडलेल्या खांद्यात ती भल्याभल्यांस रडवते. सेलूकडची एखादी आजी पाठमोरी बसते, अंगठा कष्टाने वर नेते, तपासणारी मुलगी बोटाने मणके चाचपत मोजते, आणि कागदावर अंश न लिहिता मणका लिहिते: मागील खेपेस माकडहाडाच्या जरा वर, आज कमरेचा तिसरा.