नऊ महिन्यांचा उशीर

गेल्या आठवड्यात आमच्या गावातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीच्या तपासणीचे कागद घेऊन आमच्याकडे आले. "फादर, गाठ वेळीच ओळखली असती, तर ती वाचली असती ना?" या प्रश्नाला आम्हांस धड उत्तर देता आले नाही. परंतु अशाच एका प्रश्नाचा निवाडा इंग्लंडात झालेला आहे, तो वाचकांनी ऐकण्यासारखा आहे.

१९९४ च्या नोव्हेंबरात तेथील एक गृहस्थ डाव्या काखेतील गाठ दाखवावयास डॉक्टरांकडे गेले. ही चरबीची गाठ आहे, असे सांगून डॉक्टरांनी त्यांना परत पाठविले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयात धाडले, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले. उपचारास नऊ महिन्यांचा उशीर झाला होता.

डॉक्टरांची हयगय न्यायालयात शाबीत झाली. तरीही २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌स या तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. कारण असे की, गाठ प्रथम दाखविली तेव्हाच रोगी बरा होण्याचा संभव शेकडा ४२ होता; उशिरामुळे तो २५ वर आला. कायद्याचा काटा पन्नासावर झुकतो. वेळीच निदान होऊनही रोगी बहुधा बरा झाला नसता, तेव्हा हानी उशिरानेच झाली असे म्हणता येत नाही! दोघा न्यायमूर्तींना हे पटले नाही. आम्हांसही पटावयास जड जाते. शंभरांतील सतरा वाटे हा काही लहानसहान ऐवज नव्हे. मात्र बहुमताची अडचणही खोटी नव्हती. आशेच्या प्रमाणात भरपाई द्यावयाची, तर आज पूर्ण भरपाई मिळणाऱ्यासही तिचा एक हिस्साच मिळावयाचा.

आपल्याकडे पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. सर्वांवरच मोफत उपचार करणारे दवाखाने त्यातून वगळले आहेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेले कागद डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावयाचे असतात.

त्या वृद्ध गृहस्थांचे कागद आम्ही तारखेप्रमाणे लावले. पहिली भेट आणि निदान यांत पाच महिन्यांचे अंतर निघाले. त्याआधीचे एक वर्ष मात्र कोणत्याच कागदावर नव्हते. गाठ दाखवावयाची लाज वाटली म्हणून बाई गप्प राहिल्या होत्या, हे त्यांच्या सुनेने आम्हांस मागाहून हळूच सांगितले.