घरी बनवलेलं विमान: धोका नेमका कुठे असतो?

चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात? २०१६ मध्ये बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये आमचा वाद रंगला होता: 'तू बसशील का त्यात?' मी छातीठोकपणे 'कधीच नाही' म्हणालो होतो.

अशी विमानं सगळ्यात जास्त अमेरिकेत उडतात, त्यामुळे आकडेही तिथले बघू. तिथे नियम असा की, विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं हवं. मग सरकार त्याला 'एक्सपेरिमेंटल' प्रमाणपत्र देतं. कारखान्यातल्या सेस्नाचं तसं नसतं. तिथे आधी डिझाइनच्या कसून चाचण्या होतात, मग प्रत्येक विमान त्या मंजूर डिझाइनबरहुकूम बनलंय का, हे तपासलं जातं. फोनच्या भाषेत सांगायचं तर एक कंपनीचा अपडेट आणि दुसरा तुम्ही स्वतः टाकलेला कस्टम रॉम. फरक एवढाच की इथे फोन 'ब्रिक' झाला तर तुम्ही हवेत असता.

अपघात तपासणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेने २०१२ मध्ये यावर मोठा अभ्यास केला. एअरलाइन्स वगळून उरलेल्या छोट्या विमानांत घरगुती विमानं साधारण १० टक्के. पण २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के! म्हणजे धोका जास्त आहे, यात वाद नाही.

पण का? मला वाटायचं, पंख तुटत असतील, वेल्डिंग कच्चं असेल. तसं फारसं निघालं नाही. मुख्य कारणं दोन: इंजिन बंद पडणं आणि उडताना ताबा सुटणं. आणि वेळही ठरावीक: बरेच अपघात विमान नवं असताना, किंवा नव्या मालकाने ते विकत घेतल्यावर लगेच. २०११ मध्ये अपघातात सापडलेल्या घरगुती विमानांपैकी निम्म्याहून जास्त सेकंडहँड होती.

इथे मला जॉन डेन्व्हरची गोष्ट सांगायलाच हवी. प्रसिद्ध अमेरिकन गायक आणि २,७०० हून जास्त तास विमान चालवलेला पायलट. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात तो नव्याने घेतलेलं, पण दुसऱ्याने बांधलेलं 'लाँग-ईझी' घेऊन उडाला. मूळ नकाशात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे बसवला. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण तिथे हात पोचवायला अख्खं अंग वळवावं लागे, आणि अंग वळवताना उजवा पाय रडरवर दाबला जाण्याची शक्यता असे. निघण्याआधी त्या हँडलला पक्कड लावूनही पाहिली होती, तरी हात नीट पोचत नव्हता. विमान समुद्रात कोसळलं आणि डेन्व्हर गेला. व्हॉल्व्ह फिरवण्याच्या धडपडीत चुकून रडर दाबला गेला, असा एनटीएसबीचा निष्कर्ष होता.

विमान मोडकं नव्हतं. बटण चुकीच्या जागी होतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे वाचून पोटात गोळा आला. 'मला माहितीये ना कुठे आहे' म्हणत आपण डॉक्युमेंटेशन न लिहिता किती कोड पुढच्याच्या गळ्यात मारतो!

प्रमाणपत्र म्हणजे जादू नाही हेही खरं. बोईंग ७३७ मॅक्स सगळे शिक्के घेऊनच उडत होतं. तरी २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, कारण एकाच सेन्सरवर विश्वास ठेवणारं सॉफ्टवेअर. पण तिथे निदान एकाची चूक कळली की जगभरची सगळी मॅक्स जमिनीवर आणता आली. घरगुती विमान बहुतेकदा जगात एकच असतं. त्याच्या चुका त्याच्यापुरत्याच, आणि त्या शोधायच्याही त्याच्याच पायलटने.

म्हणून अमेरिकेत सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास चाचणीचे असतात, आणि त्यात गरजेच्या क्रूशिवाय कुणाला बसवता येत नाही. त्यानंतर, बांधणाराच चालवत असेल, तर मी कदाचित बसेन. दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर आधी विचारेन: इंधनाचा व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि बसल्या जागेवरून फिरवून दाखवता का?