सडपातळ स्त्रियांसाठी स्वतःच्या ऊतींतून स्तनपुनर्रचना

स्तन काढल्यानंतर कृत्रिम रोपणाऐवजी रुग्णाच्याच त्वचा-चरबीतून तो पुन्हा घडवण्याची रूढ पद्धत म्हणजे ‘डीप फ्लॅप’. तिच्यात ओटीपोटावरील त्वचा-चरबीचा पट्टा, पोटाचा स्नायू शाबूत ठेवून, रक्तवाहिन्यांसह सोडवला जातो आणि त्या वाहिन्या छातीतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या जातात. स्तनासाठीचा तिचा वापर न्यू ऑर्लिन्सचे शल्यविशारद रॉबर्ट ॲलन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. पोटावर चरबी कमी आहे म्हणून ही वाटच बंद झाली, असे सांगितले गेल्यास ते उत्तर अंतिम मानणे घाईचे ठरते, कारण मांडीच्या वरच्या-मागच्या भागातून घेतला जाणारा ‘पॅप फ्लॅप’, नितंबांवरील किंवा कमरेवरील ऊती, अथवा एकाच स्तनासाठी पोटाचे दोन्ही अर्धे भाग एकत्र वापरणे, असे पर्याय असतात. मात्र त्यांचा नित्य सराव मोजक्याच सूक्ष्मशल्यविशारदांना असतो. म्हणूनच पोटाव्यतिरिक्त अन्य जागांवरून वर्षाला किती पुनर्रचना केल्या जातात, जोडलेली ऊती किती वेळा निकामी झाली, दोन शल्यविशारद एकत्र काम करतात का आणि पहिल्या रात्री तासातासाला रक्तपुरवठा तपासला जातो का, हे रुग्णाने थेट विचारावे व उत्तर मोघम मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.