धूर आणि चाप : काही रूढ समजुतींची तपासणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाला एका अंगास जाळपेटी, दुसऱ्या अंगास धुराडे आणि दोहोंस एकेक झडप बसवून मी जी धूरभट्टी करवून आणली, तिला घरातील मुले 'स्मोकर' म्हणतात आणि शेजारीपाजारी, पहिल्या रविवारचा अनुभव ध्यानात धरून, निराळेच काही म्हणतात. त्या रविवारी बोकडाच्या चापांची जी दशा झाली तिची कैफियत पुढे येईलच. परंतु ज्या समजुतींच्या भरवशावर मी भट्टी पेटवली त्या एकट्या माझ्या नव्हत्या, आणि तांबडा-पांढरा रस्सा पिऊन वाढलेल्या या गावात मटणाविषयीचे अज्ञान कबूल करण्याची वहिवाट नसल्यामुळे, त्यांची एकदा रीतसर तपासणी व्हावी हे बरे.

सर्वांत खोल रुजलेली समजूत ही की, धूर जितका दाट तितकी चव अधिक. याच विश्वासाने मी आंब्याची नुकतीच तोडलेली लाकडे जाळपेटीत कोंबली, धूर वाया जाऊ नये म्हणून दोन्ही झडपा जवळजवळ मिटल्या, आणि धुराड्यातून पिंजलेल्या कापसासारखा पांढरा लोट निघू लागला तेव्हा मनोमन कृतकृत्य झालो. परसात तांदूळ निवडत बसलेल्या आत्याने मान वर न करता विचारले, "आरं, जाळ कुठाय? नुसता धूरच दिसतोय की." या भट्टीत धूरच मुख्य, असे मी तिला समजावले. "मग धूरच खा," एवढे बोलून ती पुन्हा सुपाकडे वळली. दोन तासांनी निघालेले चाप डांबर फासल्यासारखे काळे आणि चकचकीत होते. पहिल्याच घासाला जिभेचा शेंडा बधिर झाला, आणि मागाहून आलेला कडवटपणा रात्री झोपेपर्यंत घशातून उतरला नाही.

वस्तुस्थिती अशी की, दाट पांढरा धूर ही चव नसून अर्धवट राहिलेल्या ज्वलनाची फिर्याद आहे. लाकूड तापले म्हणजे प्रथम त्यातील पाणी उडते, नंतर त्याचे घटक फुटून ज्वलनशील वायू बाहेर पडतात, आणि या वायूंना पुरेशी उष्णता व पुरेशी हवा मिळाली तरच ते पेट घेतात. न मिळाल्यास त्यांचे डांबरी थेंब होऊन ते धुराबरोबर तरंगत जातात आणि वाटेत जे थंड व ओलसर सापडेल त्याच्यावर, म्हणजे आपल्या चापांवर, जाऊन बसतात. ज्यासाठी एवढा खटाटोप करावयाचा तो सुवास लाकडातील लिग्निन फुटून निर्माण होणाऱ्या ग्वायाकोल आणि सिरिंगोल या द्रव्यांचा असतो, आणि स्वच्छ जळणाऱ्या लहान जाळातून ती पुरेशी मिळतात. अशा जाळाचा धूर विरळ आणि निळसर दिसतो. त्यातील कण इतके सूक्ष्म असतात की प्रकाशातील निळा भाग ते अधिक विखुरतात, आणि आकाश निळे दिसण्याचे कारणही याच जातीचे आहे. तात्पर्य, धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि उष्णतेचा बंदोबस्त जाळपेटीच्या झडपेने व लाकडाच्या मापाने करावा. ओंडका एक घालण्याऐवजी मनगटाएवढ्या फाका अर्ध्या-पाऊण तासाने एकेक द्याव्यात. गुऱ्हाळावर चुलवाणापाशी बसून चिपाडे सारणारा माणूस हेच करीत असतो, आणि कोल्हापुरात राहून मला ते दिसू नये याचे आता नवल वाटते.

याच समजुतीची धाकटी बहीण म्हणजे लाकूड पाण्यात भिजवून घालण्याची शिफारस. सुक्या लाकडात रात्रभरातही पाणी फारसे खोल शिरत नाही. जे शिरते ते वाफ होऊन जाईपर्यंत जाळाला थंड करते, आणि त्या वाफेलाच आपण भाबडेपणाने धूर समजतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. भट्टीला ते वीस टक्क्यांच्या आत आलेले हवे, आणि त्यासाठी फाका करून छपराखाली सहा महिने ते वर्षभर ठेवण्यावाचून तरणोपाय नाही. परीक्षा सोपी आहे : दोन फाका एकमेकींवर आपटाव्यात, सुक्या असल्यास खणखणीत वाजतात, ओल्या असल्यास थप्प आवाज होतो. आंबा, जांभूळ, पेरू ही लाकडे उत्तम. बाभळीचे इंगळ दीर्घकाळ टिकतात. निलगिरी आणि पाईन मात्र तेला-राळेमुळे वर्ज्य, आणि जुन्या वाड्याची रंग दिलेली चौकट किंवा प्लायवूडचे तुकडे तर कोणत्याही परिस्थितीत नकोत.

आता उष्णतेकडे वळू. भट्टी ११० ते १२० अंश सेल्सिअसवर स्थिर असताना मांसाचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत चढते आणि तेथेच ठाण मांडून बसते, तेव्हा नवशिक्या जाळ विझत चालल्याचा समज करून घेऊन लाकडे लोटतो. वस्तुतः जाळाचा यात काही अपराध नसतो. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने मांसही अडून राहते : पृष्ठभागावरील ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो, आणि जितकी उष्णता येते तितकीच खर्ची पडते. चापांच्या पातळ मांसात हा मुक्काम थोडक्यात आटोपतो. अख्खी रान ठेवल्यास तो कित्येक तास चालतो. झाकणावरच्या काट्यावर मात्र विसंबू नये, तो वरची हवा मोजतो. चाप असतात खाली जाळीवर.

तयार चाप कापला असता कडेला जी गुलाबी पट्टी दिसते तिच्यावरून पाहुणे 'कच्चं राहिलंय' असा निकाल देतात. मांसाला लाली देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू संयोग पावले म्हणजे तो रंग कायम होतो आणि पूर्ण शिजल्यावरही टिकतो. तो कच्चेपणाचा पुरावा नव्हे. आणि, हे सांगताना भट्टीवाल्यांचा रोष पत्करावा लागतो, चवीचाही नव्हे. हाच कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत प्राणघातक ठरतो, म्हणून भट्टी उघड्या परसातच हवी.

मांस आधी परतून घेतले की रस आत कोंडतो ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४७ च्या सुमारास रूढ केली, आणि ती केव्हाच खोटी ठरली आहे. तव्यावर जो चर्र आवाज येतो तोच मुळी बाहेर पडणाऱ्या रसाचा. रात्रभर मुरवल्याने मसाला हाडापर्यंत जातो हेही खरे नाही : मीठ खोल जाते, पण कांदा-लसूण मसाल्याचा गंध-स्वाद पृष्ठभागाच्या आसपासच राहतो. म्हणून मीठ आदल्या रात्री, मसाला भट्टीत ठेवण्यापूर्वी आणि गुळाचा लेप अगदी शेवटच्या अर्ध्या तासात, असा क्रम मी आता ठेवला आहे. ही सारी विद्या अमेरिकेतून आली असे मानणाऱ्यांनी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'तील अन्नभोगाचे प्रकरण चाळावे. ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा, आणि निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकार त्यात तपशीलवार दिलेले आहेत. धूरभट्टी त्यात नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. परदेशी पुस्तकांत बरगड्यांना पाच-सहा तासांची मुदत दिलेली असते ती डुकराच्या चरबीदार बरगड्यांसाठी. आपल्या बोकडाच्या चापांवर मांस थोडे आणि चरबी त्याहून थोडी, त्यामुळे तोच हिशेब लावल्यास हाडावर चामडे उरते. चिवट कोलॅजेनचे मऊ जिलेटिन होण्यास सत्तर अंशांच्या वर काही काळ लागतो हे खरे, परंतु त्या काळात मांस सुकता कामा नये. मी पहिला दीड तास चाप उघडे ठेवतो, तांबूस-तपकिरी रंग धरला की चार चमचे अळणी पाणी घालून केळीच्या दुहेरी पानात बांधतो, आणि आणखी तासाभराने सोडतो. कोवळ्या बोकडाला इतके पुरते, जून असल्यास अर्धा तास वाढवावा.

मांस हाडावरून आपोआप गळून पडले म्हणजे पाक साधला, ही शेवटची समजूत आत्याने मोडली. चौथ्या रविवारी पान सोडताच मांस एकीकडे आणि हाडे दुसरीकडे झाली, तेव्हा मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. "ह्यो खिमा झाला. चाप कुठाय?" असे तिने विचारले. तेव्हापासून मी चापांची अखंड फळी एका टोकाला चिमट्याने धरून उचलतो. ती कमानीसारखी वाकून वरच्या बाजूस मांसाला बारीक भेग पडली, पण तुटली नाही, की उतरवतो. त्यानंतरच्या रविवारी आत्याने दाताने एक चाप ओढला, घास जेथे घेतला तेवढेच हाड पांढरे स्वच्छ निघाले, आणि काही न बोलता तिने दुसरा उचलला.