गोळीचा चिमटा

मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोबाहेर टँकरची रांग लागलेली आहे. रांगेतल्या एका चालकाची आपण कल्पना करू. ढाब्यावरची झणझणीत शेवभाजी खाल्ल्यापासून त्याच्या छातीत जळजळतंय. केबिनमधल्या बाटलीतलं पित्ताचं पातळ औषध तो दोन झाकणं पितो. तेवढ्यात मोबाइलवर नऊचा गजर होतो. क्लीनर खाली उतरल्याचं बघून तो खिशातून बिननावाची डबी काढतो आणि एचआयव्हीची रोजची गोळी गिळतो. इतकी वर्षं त्यानं एकही दिवस चुकवलेला नाही. तरी आजच्या गोळीतल्या मुख्य औषधाचा जवळपास पाऊण हिस्सा रक्तात उतरणारच नाही.

असं का होतं, हे कळायला गोळीच्या आत डोकावावं लागेल. सरकारी एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रांतून मोफत औषधं द्यायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. आज बहुतेक प्रौढांना तिथे एकाच गोळीत तीन औषधं मिळतात : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. विषाणू आपल्या पांढऱ्या पेशीत शिरला की आधी स्वतःच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो. पहिली दोन औषधं ही नक्कल अडवतात. त्यातूनही नक्कल तयार झालीच, तर ती आपल्या गुणसूत्राला टाचण्याचं काम ‘इंटिग्रेज’ नावाचं विकर करतं. या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन आयन असतात आणि टाचणीचं काम त्यांच्यावाचून होत नाही. डोल्युटेग्राविरच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू अशा बेतानं बसवलेत, की ते हे दोन्ही आयन चिमट्यासारखे धरतात. मग टाचणी तिथेच थांबते.

पण चिमट्याला पोटातलं मॅग्नेशियम आणि पेशीतलं मॅग्नेशियम यांत फरक कळत नाही. पित्ताच्या पातळ औषधात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गोळी विरघळली की चिमटा त्यांनाच धरून बसतो. ही जोडगोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. ज्या गुणामुळे औषध चालतं, तोच गुण पोटात त्याला अडकवतो.

एखाद्या रात्री असं झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. रोजचंच झालं तर मात्र रक्तातलं औषध अपुरं पडतं, विषाणू वाढू लागतो, आणि वाढताना होणाऱ्या चुकांमधून औषधाला न जुमानणारी पिढी तयार होऊ शकते. उपाय सोपा आहे. आधी गोळी घ्यावी आणि पित्ताचं औषध किमान दोन तासांनी. ते आधी घेतलं असेल, तर गोळीसाठी सहा तास थांबावं. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या पोटातलं आम्ल तयार होणंच कमी करतात. त्यांत असे क्षार नसतात, म्हणून डोल्युटेग्राविरशी त्यांचं भांडण नाही.

लोह आणि कॅल्शियमलाही हा चिमटा पकडतो. गरोदर बाईला तर या दोन्ही गोळ्या आरोग्य केंद्रातूनच मिळतात. तिनं एआरटीची गोळी जेवणासोबत घेतली, तर त्याच जेवणात लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालते. उपाशीपोटी मात्र तेच दोन आणि सहा तासांचं अंतर. मंडूर किंवा शंखभस्मातही हेच धातू असतात, त्यामुळे वैद्यांचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

इतर औषधांची गोष्ट वेगळी. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताला डोल्युटेग्राविर झपाट्यानं मोडायला लावतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी देतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण उलट वाढतं, तेव्हा त्याची मात्रा तपासावी लागते. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. हिपॅटायटिस बी असलेल्यानं गोळी परस्पर बंद केली, तर यकृताचा आजार उसळू शकतो. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. आणि ओलावा लागू नये म्हणून गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात.

पण टँकरचालकानं तर ती बाटली कधीच टाकून दिली. तिच्यावरचं नाव कुणी वाचलं तर? याच भीतीनं तो पित्ताचं औषध घेताना दुकानदाराला काही सांगत नाही आणि एआरटी केंद्रात पित्ताचा विषय काढत नाही. दोन औषधांची गाठ त्याच्या पोटात पडते, पण दोन्हींची माहिती एका माणसाकडे कधीच नसते. गोळी नेमानं घेतल्यानं रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही. ही कमाई जपायची तर कुणाला तरी विचारायला हवं.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे, त्यामुळे केंद्रातल्या समुपदेशकापाशी पित्ताच्या बाटलीचं नाव घ्यायला हरकत नाही. तेही जड वाटलं तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. रांग हलेपर्यंत एक फोन सहज होतो. तिथे स्वतःचं नाव सांगावं लागत नाही, औषधांची नावं सांगितली की पुरे.