साठाच्या रेषेवरची गर्दी

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली रँग्लर झाले आणि महाराष्ट्राने ते बिरुद त्यांच्या नावाला जन्मभरासाठी चिकटवून टाकले. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. म्हणजे आपण एका माणसाच्या नावाआधी चक्क त्याचा क्लास लावला! मुर्डीचा हा कोकणी मुलगा त्या वर्गातही पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर, होता. मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर वाटून घ्यावा लागला, एवढेच. 1909 नंतर केंब्रिजने यादीत क्रमांक लावणे बंद केले. त्यामुळे पुढचे महाजनी किंवा नारळीकर पितापुत्र अधिकृत यादीत नुसते रँग्लर. आपल्याकडचा दबदबा मात्र तसूभरही कमी झाला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए.च्या यादीत, 1862 साली, नावेच चार होती: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चार जणांत वर्गवारीचे अप्रूप ते किती असणार? ते वाढले पुढे, यादी पुस्तकाएवढी जाड झाल्यावर.

त्या जाड पुस्तकाला आम्ही गॅझेट म्हणत असू. ऐंशीच्या दशकात एका उपनगरी कॉलेजात मी नव्याने शिकवायला लागलो, तेव्हा निकालाच्या दिवशी हेडक्लार्क टेबलावर गॅझेट पसरून फूटपट्टी ओळीखाली सरकवत नंबर वाचायचे. बी.ए.ची पानेच्या पाने पास क्लास आणि सेकंड क्लासने भरलेली. फर्स्ट क्लास आला की फूटपट्टी थांबायची आणि ते चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे. सेकंड क्लासची लाज नव्हती. लग्नपत्रिकेत नावाखाली ‘बी.ए.’ छापले की काम भागे. कितव्या वर्गात, हे मुलीचा बापसुद्धा फारसे विचारत नसे.

गॅझेट सवयीचे झाल्यावर एक गंमत लक्षात आली. पन्नाशीतले आकडे भरपूर दिसत, साठाच्या अलीकडे मात्र एकदम ओसाडी, आणि नेमक्या साठावर, म्हणजे फर्स्ट क्लासच्या रेषेवर, झुंबड. कारण नियमातच होते. सगळ्या विषयांत कुबडी न घेता पास झालेल्या विद्यार्थ्याचा वरचा वर्ग थोडक्यात हुकत असेल, तर एकूण गुणांच्या एक टक्का किंवा 10 गुण, यांतले जे कमी असेल तेवढ्यापर्यंत ग्रेस देऊन त्याला वर घेत. म्हणजे हजारात 592 पडलेला मुलगा कागदावर 600चा व्हायचा आणि 589चा जिथल्या तिथे राहायचा. एकाच वर्गात एका बाकावर बसलेली ही दोन पोरे, तीन गुणांचे अंतर. एक फर्स्ट क्लास, दुसरा सेकंड. मला हा नियम दयाळू वाटे आणि तितकाच क्रूरही. रेषा हलत नव्हती, तिच्या अलीकडचे तेवढे उचलून पलीकडे ठेवले जात होते.

पुढे रेषा वाढल्या. एम.ए.ला 55 टक्के असल्याशिवाय प्राध्यापकी नाही, असे ठरले आणि हायर सेकंड क्लास या एरवी कोणी न विचारणाऱ्या वर्गाला एकाएकी भाव आला. राखीव प्रवर्गांना तिथे सवलत मिळाली. बाकीच्यांचे 54 म्हणजे आयुष्यभराची ठसठस. मग कंपन्या कॉलेजात येऊ लागल्या आणि दहावीपासून सलग साठ मागू लागल्या. फर्स्ट क्लास आता कौतुकाचा राहिला नाही, तो दारावरचा पास झाला. आणि दारावर पास मागतात म्हटल्यावर तो सगळ्यांना मिळावा यासाठी पालक, कॉलेज, परीक्षक सगळेच नकळत झटू लागतात. मीही झटलो. तपासून झालेल्या पेपरात 58 दिसले की पान उलटून पुन्हा बघायचो; 52 असतील तर नाही बघायचो.

2011च्या सुमारास क्रेडिट पद्धत आली. लेखी परीक्षेचे गुण घटले आणि आधी 40, नंतर 25 गुण कॉलेजच्या हातात आले. त्या 25 पैकी 12 देण्याची हिंमत स्टाफरूममध्ये फारशी कोणात नव्हती. पुढे दहा गुणांची श्रेणी आली: ओ, ए प्लस, ए आणि तिथून खाली. कोष्टक उघडून पाहिले तर ए सुरू होत होता साठावर, बी प्लस पंचावन्नावर. जुन्याच रेषा, नवी पाटी.

2020 साली सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायला लावली आणि ती झाली तासाभराची, ऑनलाइन, पर्याय निवडायची. त्या निकालाबद्दल न बोललेलेच बरे. गुणांची ही खैरात आपल्यापुरतीच नव्हती, हाच काय तो दिलासा. इंग्लंडमध्ये 2010-11 साली सुमारे 16 टक्के पदवीधरांना फर्स्ट मिळे. 2020-21 पर्यंत तो आकडा 37च्या घरात गेला. तिथली नियामक संस्था याला गुणफुगवटा म्हणत खुलासे मागत बसली. नंतर तो आकडा थोडा उतरला.

निवृत्तीनंतर परवा काही कामासाठी कॉलेजात गेलो होतो. ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी गुणपत्रिका घेऊन उभी होती. सगळीकडे ए आणि ए प्लस. नोकरीच्या फॉर्मवर टक्केवारी आणि क्लास असे दोनच रकाने आहेत, म्हणाली. तिला कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र हवे होते, की ‘ए’ म्हणजे फर्स्ट क्लास.