अ‍ॅनालॉग ध्वनिमुद्रण आणि आजचे रूट्स रेगे व डब

रेगे या जमैकन संगीतप्रकाराची ‘रूट्स’ ही शाखा १९७० च्या दशकात बहरली. रास्तफारी धर्मविचार, आफ्रिकेची ओढ आणि किंग्स्टन शहरातील दरिद्री वस्त्यांचे जीवन हे तिचे मुख्य विषय होत. ‘डब’ हा तिच्याच कुशीत, परंतु रंगमंचावर नव्हे तर ध्वनिमुद्रणशाळेत, जन्मलेला प्रकार. अलीकडच्या काळात युरोपात काही मंडळी त्या काळातील फीतयंत्रे व मिक्सर वापरून या दोन्ही प्रकारांच्या नव्या ध्वनिमुद्रिका काढीत आहेत. स्पेनमधील सांतांदेर येथील रोबेर्तो सांचेझ यांची ‘अ-लोन आर्क’ ही ध्वनिमुद्रणशाळा आणि ‘प्रिन्स फॅटी’ या नावाने प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधील ध्वनितंत्रज्ञ माइक पेलान्कोनी ही त्यांपैकी दोन ठळक उदाहरणे. या ध्वनिमुद्रिका म्हणजे गतकाळाची नक्कल समजावयाची की परंपरेचा पुढील टप्पा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जुनी पद्धत वस्तुतः कशी होती, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये, गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यसंगती ठेवलेली आवृत्ती तबकडीच्या मागील बाजूवर देण्याचा प्रघात पडला. तिला ‘व्हर्जन’ म्हणत. या आवृत्तीला स्वतंत्र कलाकृतीचे रूप देणाऱ्यांमध्ये ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी (१९४१–१९८९) यांचे नाव अग्रगण्य आहे. ते मूळचे विद्युत्-यंत्रांचे दुरुस्तीकार. वॉटरहाउस भागातील त्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रणशाळेत संपूर्ण वाद्यवृंद बसविण्याइतकी जागा नव्हती. साहजिकच अन्यत्र मुद्रित झालेल्या फिती तेथे येत, आणि त्यांवर गायकांचे आवाज चढविणे व मिश्रण करणे हेच तेथील मुख्य काम होते. त्यांचा मिक्सरही ‘डायनॅमिक साउंड्स’ या मोठ्या ध्वनिमुद्रणशाळेने वापरून काढून टाकलेला, चार ट्रॅकचा होता.

चार ट्रॅकच्या मर्यादेचे परिणाम दूरगामी होते. ढोल, बास, गिटार, ऑर्गन, सुषिरवाद्ये आणि गायन एवढे सर्व चार ट्रॅकमध्ये बसवावयाचे म्हणजे अनेक वाद्ये आरंभीच एकत्र करावी लागत. एकदा एकत्र झालेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नसत. जागा मोकळी करण्यासाठी दोन ट्रॅकांची नक्कल तिसऱ्यावर उतरविता येई. परंतु प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढे. म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागे आणि घेतला की तो निभावावा लागे.

मिश्रणाचेही तसेच होते. मिक्सरला स्मृती नव्हती. फीत धावत असतानाच तंत्रज्ञाने हाताने एखादे वाद्य बंद करावयाचे, एखाद्या शब्दाचा तुकडा क्षणभर प्रकट करून प्रतिध्वनीत सोडून द्यावयाचा, किंवा फिल्टरच्या साह्याने खर्जाचे स्वर टप्प्याटप्प्याने वगळावयाचे. दोन प्रयत्न तंतोतंत सारखे होत नसत. याचा अर्थ असा की मिक्सर हे येथे वाद्यच झाले, आणि मिश्रण हे वादन.

फितीवरील प्रतिध्वनीची क्रियाही सूक्ष्मपणे समजून घेण्यासारखी आहे. ध्वनी एका शीर्षाने फितीवर नोंदला जातो व काही अंतरावरील दुसऱ्या शीर्षाने वाचला जातो. हे अंतर ५ सेंटिमीटर आणि फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर असेल, तर प्रतिध्वनी सुमारे ०.२६ सेकंदाने ऐकू येतो. वेग दुप्पट केल्यास तो ०.१३ सेकंदावर येतो. वाचलेला ध्वनी पुन्हा नोंदविला की आवर्तने सुरू होतात. प्रत्येक आवर्तनात उच्च कंपनसंख्यांचे अंश क्षीण होतात आणि फितीच्या गतीतील सूक्ष्म चढउतार त्यात मिसळतात. त्यामुळे प्रतिध्वनी केवळ मंद होत नाही, तर दूर जात असल्यासारखा भासतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९७४ मध्ये काढलेल्या ‘स्पेस एको’ या यंत्रात हेच तत्त्व फितीचे वेटोळे व तीन वाचनशीर्षे यांच्याद्वारा राबविले आहे. १९७३ मध्ये उभारलेल्या ‘ब्लॅक आर्क’ या ध्वनिमुद्रणशाळेत ली पेरी यांनी त्याचा मुक्त उपयोग केला.

शिवाय, प्रबळ ध्वनी नोंदविताना फितीचे चुंबकन त्या प्रमाणात वाढत नाही. तरंगांचे माथे गोलावतात व नवे उपस्वर निर्माण होतात. बासचा मूळ खर्ज लहान ध्वनिवर्धकातून उमटत नसला, तरी या उपस्वरांवरून कान त्याची कल्पना करू शकतो.

तथापि नव्या ध्वनिमुद्रिकांचे समर्थन केवळ या ध्वनिगुणांवर उभारणे धोक्याचे आहे. हे गुण आता संगणकावरही बऱ्याच अंशी साधता येतात. किंग्स्टनमधील जुन्या मंडळींना यंत्रांचा मोह होता असेही नाही. १९८५ मध्ये ‘कॅसिओ एमटी-४०’ या छोट्या विद्युत्-वाद्यावर आधारलेले ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गीत गाजले, आणि रेगे झपाट्याने डिजिटल झाले. स्वतः किंग टबी यांनीही नव्या ध्वनिमुद्रणशाळेत त्या प्रवाहाला साथ दिली. यंत्रनिष्ठा हीच परंपरा मानली, तर परंपरेचे प्रवर्तकच तिच्याबाहेर पडतील.

आमच्या मते या पद्धतीचे मर्म अपरिवर्तनीयतेत आहे. वादकांनी एकत्र बसून वाजवावे, ट्रॅकांची टंचाई आधीच ओळखून रचना करावी, आणि मिश्रण एका दमात हाताने पार पाडावे, ही शिस्त संगणकावर काम करणाराही पाळू शकतो. मात्र संगणक तिची सक्ती करीत नाही, फीतयंत्र करते. जी नवी ध्वनिमुद्रिका ही जोखीम खरोखर पत्करते ती परंपरेत बसते; जी केवळ जुना रंग चढविते ती अनुकरणच होय.

या निवडीला एक भौतिक बाजूही आहे. किंग्स्टनमध्ये जी साधने परवडत होती म्हणून वापरली गेली, ती आज दुर्मीळ व खर्चिक झाली आहेत. २००५ च्या आरंभी अमेरिकेतील ‘क्वांटेजी’ या कंपनीने फितींचे उत्पादन थांबविले, तेव्हा मोठी टंचाई निर्माण झाली. पुढे अमेरिका व फ्रान्स येथील लहान उत्पादकांनी ती काही अंशी भरून काढली. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील ‘अपोलो’ कारखाना आगीत नष्ट झाला. तबकडी कोरण्यासाठी लागणाऱ्या लाखेसारख्या लेपाच्या चकत्यांसाठी त्यानंतर जगाला मुख्यतः जपानमधील एका कंपनीवर विसंबावे लागले. एखादी कलापद्धती रासायनिक उद्योग आणि दुरुस्तीचे ज्ञान यांवर किती अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अभ्यासकाने यातून एक पथ्य घ्यावे. डबच्या बाबतीत चार ट्रॅकची मूळ फीत जतन केली म्हणजे कृती जतन झाली, असे होत नाही. ती फीत केवळ द्रव्य पुरविते. कृती त्या विशिष्ट क्षणीच्या हाताच्या हालचालींत असते, आणि त्यांची स्वरलिपी कोठेही लिहिलेली नसते. आज या पद्धतीने काम करणारे तंत्रज्ञ हयात व कार्यरत आहेत. त्यांची यंत्रे कोणती, एवढेच टिपून न थांबता, कोणता निर्णय त्यांनी केव्हा व का घेतला याची नोंद आताच करून ठेवणे हे संशोधनाच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे.